भुसावळ-जळगावात कॅप्सूल हॉटेल उभारायचं असेल तर: मापं, हवा, वीज आणि हिशेब

भुसावळ जंक्शनवर रात्री दीडला उतरलेल्या आणि पहाटे साडेचारची गाडी पकडायची असलेल्या माणसाला अख्खी खोली घेऊन करायचं काय? त्याला तीन तास पाठ टेकायला स्वच्छ गादी हवी, सामान सुरक्षित राहायला हवं आणि मोबाईल चार्ज व्हायला हवा. जळगावात परीक्षेला आलेली मुलगी, दवाखान्यात पेशंटजवळ एकच नातेवाईक थांबू देतात म्हणून बाहेर रात्र काढणारा दुसरा नातेवाईक, सावदा-रावेरकडे केळीच्या व्यवहाराला आलेला व्यापारी, अजिंठ्याला निघालेला पाठीवरच्या पिशवीवाला पर्यटक, या सगळ्यांची गरज थोड्याफार फरकाने हीच आहे. कॅप्सूल हॉटेल म्हणजे एका माणसाला झोपण्यापुरते बंदिस्त खण एकावर एक रचलेलं हॉटेल; ती कल्पनाही याच गरजेतून आली. पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ साली जपानात ओसाकाला सुरू झालं, त्याचा आराखडा वास्तुविशारद किशो कुरोकावा यांचा. आपल्याकडे २०२१ साली मुंबई सेंट्रल स्थानकात ४८ कॅप्सूलांचं पॉड हॉटेल झालं आणि ही कल्पना लोकांच्या ओळखीची झाली.

तिथला आराखडा जसाच्या तसा उचलून खानदेशात बसवला तर मात्र तो पहिल्याच मे महिन्यात मार खाईल. इथे पारा ४५ अंशांवर जातो, वीज जाते, धूळ येते, नळाला रोज पाणी येईलच असं नाही. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा हवेला दिली आहे. कॅप्सूल दिसायला कशी आहे यावर पैसे घालण्याआधी तिच्यात हवा कशी खेळते यावर घाला. उदाहरणासाठी २० फूट बाय ३० फुटांचा, १० फूट उंचीचा, ६०० चौरस फुटांचा हॉल धरला आहे. स्टेशनजवळच्या जुन्या व्यापारी इमारतींत साधारण असे हॉल मिळतात.

आधी रात्री उभं राहून मोजा

जागेचा करार करण्याआधी आठ-दहा रात्री स्टेशनबाहेर आणि प्रतीक्षालयात जाऊन मोजणी करा. वेळ रात्री ११ ते पहाटे ४. किती लोक फलाटावर चादर अंथरून पडलेत, त्यांत एकटे किती, कुटुंबं किती, बायका किती, हे वहीत लिहा. कुटुंबं तुमची गिऱ्हाईकं नव्हेत, ती खोलीच घेतात किंवा फलाटावरच एकत्र बसतात. एकट्या माणसाला तीनच प्रश्न विचारा: पुढची गाडी किती वाजता, किती तास थांबायचंय, आणि झोपायला किती रुपये देशील. स्टेशनातल्या विश्रामगृहाचे आणि डॉर्मिटरीचे दर पाहून ठेवा, कारण तुमची तुलना आधी त्याच्याशीच होणार.

मोजणीत एक रविवार, एक लग्नतिथीचा दिवस आणि एक भरती किंवा परीक्षेच्या आदल्या रात्रीचा दिवस आला पाहिजे. जळगावात असाल तर अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात हे ध्यानात ठेवा. लेणी पाहायला आलेला माणूस रविवारी रात्री मुक्काम ठेवत नाही, त्यामुळे त्या रात्रीचं गणित वेगळंच असतं.

जागा: मधला मजला, पश्चिमेची भिंत टाळून

वरचा मजला भाड्याने स्वस्त मिळतो, पण खानदेशात तो महागात पडतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो, आणि वरच्या ओळीत उठून बसलेल्या माणसाचं डोकं त्या स्लॅबपासून जेमतेम अडीच-तीन फुटांवर असतं. आपल्या धाब्याच्या घरांत जाड मातीचं छप्पर ही उष्णता अडवायचं; पाच इंची काँक्रीटला ते जमत नाही. म्हणून वर आणखी एक मजला असलेली जागा शोधा, आणि दुपारनंतरचं ऊन खाणारी पश्चिमेची भिंत टाळा. नाइलाजाने वरचाच मजला घ्यावा लागला तर गच्चीवर विटांचा कोबा करून त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवा. निदान उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग द्या आणि आतून ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची न पेटणारी लोकर) घातलेलं फॉल्स सीलिंग करा. हा खर्च घरमालकाच्या माथी मारता येतो का, ते करार करतानाच बोलून घ्या. नंतर तो ऐकत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. लोखंडी चौकट, बोर्ड, गादी आणि झोपलेला माणूस धरून एका कॅप्सूलचं वजन अडीचशे किलोपर्यंत जातं. दोन एकावर एक, म्हणजे ५०० किलो, आणि ते पावणेचार फूट बाय सात फुटांच्या जागेवर. हिशेब केला तर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास येतो. राहत्या इमारतीचा स्लॅब साधारण एवढ्याच भारासाठी डिझाइन केलेला असतो, म्हणजे हाताशी काहीच उरत नाही. इमारत वीस-पंचवीस वर्षं जुनी असेल, स्लॅबच्या खालून सळई दिसत असेल किंवा पोपडे निघत असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळमजल्याला ही काळजी नाही, पण तिथे रस्त्याचा आवाज आणि पावसाळ्यातली ओल असते.

मांडणी: चोवीसच, बत्तीस नाही

कॅप्सूल दोन तऱ्हेच्या असतात. एकीत पायाच्या बाजूने, म्हणजे अरुंद तोंडातून आत शिरायचं. दुसरीत रेल्वेच्या बर्थसारखं लांब बाजूने. लांब बाजूची चढायला सोपी, पण भिंतीची लांबी फार खाते. आपल्या हॉलला अरुंद तोंडाची बरी.

बाहेरचं माप रुंदी ३ फूट ९ इंच, खोली ७ फूट, उंची ३ फूट ९ इंच धरा. मधल्या पडद्या तीन इंचांच्या धरल्या तर आत ४२ इंच रुंदी उरते. त्यात बाजारात सहज मिळणारी ७५ बाय ३६ इंचांची गादी बसते आणि बाजूला सहा इंचांची पट्टी चष्मा, मोबाईल, पाण्याची बाटली ठेवायला मिळते. उशामागे नऊ इंच राहतात, तिथे पंखा आणि दिवा. फळी आणि चार इंची गादी वजा जाता डोक्यावर साधारण ३९ इंच उंची राहते, म्हणजे मध्यम उंचीचा माणूस मांडी घालून ताठ बसू शकतो. ही उंची कमी करून तिसरी ओळ चढवण्याचा मोह अजिबात धरू नका. बसता येत नाही तिथे माणसाचा जीव गुदमरतो, मग हवा कितीही चांगली असो.

हॉलच्या दोन्ही लांब भिंतींना एकेक रांग. मागे भिंतीपासून सहा इंचांची पोकळी सोडायची. तिथून वायर जाते आणि हवा फिरते. अशा दोन रांगा पंधरा फूट घेतात, मधे पाच फुटांची वाट राहते. लांबीत आठ कॅप्सूल बसतात, पण सहाच बसवा. उरलेल्या साडेसात फुटांत एका टोकाला काउंटर, लॉकर आणि चपलांचं कपाट, दुसऱ्या टोकाला दुसरा दरवाजा आणि वीजपेटी. सहा गुणिले दोन ओळी गुणिले दोन रांगा, चोवीस झाले.

त्यातले सहा बायकांसाठी वेगळे करा. नुसता पडदा लावून चालणार नाही. पूर्ण उंचीची पडदी, स्वतःचा दरवाजा आणि आतूनच जाता येईल असं बाथरूम हवं. परीक्षेला आलेल्या मुलीच्या वडिलांचा फोन येतो तेव्हा ते पहिल्यांदा हेच विचारतात.

हवा

बंद कॅप्सूलमध्ये आतली जागा साधारण अडीच घनमीटर, म्हणजे अडीच हजार लिटर. झोपलेला माणूस तासाला बारा-तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. हवा बदलली नाही तर दोन तासांत त्याचं प्रमाण एक टक्क्यावर जातं. बाहेरच्या मोकळ्या हवेच्या ते वीसपटीहून जास्त. माणूस दगावत नाही, पण डोकं जड होतं, घाम फुटतो, झोपेतून दचकून जाग येते. सकाळी तो सांगतो, ‘एसी नीट चालत नव्हता.’ एसी चालत असतो. कॅप्सूलमधली हवा हललेली नसते.

म्हणून हवेची दोन कामं वेगळी धरायची: बाहेरची ताजी हवा हॉलमध्ये आणणं, आणि हॉलची थंड हवा प्रत्येक कॅप्सूलमधून फिरवणं. बहुतेक ठिकाणी यातलं एकच केलेलं असतं.

ताज्या हवेसाठी माणशी मिनिटाला १५ घनफूट धरा. चोवीस माणसांना ३६०. एवढी हवा देणारा, गाळणी बसवलेला पंखा उत्तरेच्या किंवा सावलीच्या बाजूने हवा आत ढकलेल असा बसवा, आणि संडास-बाथरूमच्या बाजूला एक्झॉस्ट ठेवा म्हणजे वास हॉलकडे न येता बाहेर जाईल. बाहेर ४५ अंश असताना नुसती ही हवा २६ अंशांवर आणायलाच एक टनापेक्षा थोडा जास्त एसी खर्ची पडतो. भिंती, छत, माणसं, दिवे सगळं धरून या हॉलला सहा टन लागतात. सहा टनांचं एकच मोठं यंत्र घेऊ नका. दीड टनाचे चार इन्व्हर्टर एसी घ्या. मेच्या दुपारी चारही चालतील, रात्री तीन पुरतात, आणि एखादा बंद पडला तरी झोपलेल्या माणसांना उठवावं लागत नाही.

आता कॅप्सूलमधला पंखा. माणसाची उष्णता, दिवा आणि चार्जर मिळून साधारण ९० वॉट आत तयार होतात. पंखा मिनिटाला ३० घनफूटच हवा हलवत असेल तर आतलं तापमान हॉलपेक्षा पाच अंशांनी चढतं. हॉल २५ वर, पाहुणा ३० वर! ५५ ते ६० घनफूट हलवली तर फरक अडीच-तीन अंशांवर येतो आणि तो सोसतो. यासाठी १२० मिलिमीटरचा २४ व्होल्ट डीसी पंखा लागतो. खोक्यावर लिहिलेली क्षमता मोकळ्या हवेतली असते, जाळी लावली की ती निम्म्यावर येते. म्हणून १००-१२० लिहिलेला घ्या. वेग कमी-जास्त करायचं बटण पाहुण्याच्या हाताशी द्या, पण पूर्ण बंद होणारं देऊ नका. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा लोक पंखा बंद करून पडदा गच्च लावून घेतात आणि अडचण तिथेच येते. सगळ्यात कमी वेगालाही तो फिरताच राहिला पाहिजे. थंडीसाठी जास्तीची दुलई द्या.

पंखा उशाकडच्या मागच्या भिंतीत, वरच्या कोपऱ्यात बसवायचा. तो आतली हवा मागच्या सहा इंची पोकळीत टाकतो, पोकळी वर उघडी असल्याने ती हवा वर जाऊन एसीकडे परतते. समोर पडद्याच्या खाली दोन इंच फट ठेवली की हॉलची थंड हवा तिथून आत येते आणि पायाकडून डोक्याकडे वाहते. पोकळीत चादरींची गठडी, जुनी खोकी, झाडू असलं काही ठेवू देऊ नका. एकदा ती जागा भरली की त्या रांगेतल्या कॅप्सूलांची हवा बंद.

काम बरोबर झालं की नाही हे उदबत्तीने तपासा. स्मोक डिटेक्टर चालू करण्याआधी, पडदा बंद ठेवून, पेटवलेली उदबत्ती खालच्या फटीजवळ धरा: धुराची रेघ आत ओढली गेली पाहिजे. मग आत पडून ती उशीच्या उंचीवर धरा. धूर सरळ वर जाऊन छताला पसरून लोंबत राहिला तर पंखा कमी पडतोय किंवा जाळी बारीक आहे. तो तिरका होऊन पंख्याच्या कोपऱ्याकडे निघून गेला तर ठीक. प्रत्येक कॅप्सूलमध्ये हे करा. चोवीसात दोन-तीन तरी पंखे उलटे बसवलेले निघतात. पुढे रोजच्या तपासणीला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर घ्या. भरलेल्या रात्री हॉलमध्ये १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आत आणि कॅप्सूलमध्ये १२००च्या आसपास आकडा राहिला पाहिजे.

कूलरबद्दल बरेच जण विचारतात. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर झकास चालतो यात शंका नाही, पण तो उघड्या जागेत. बंद झोपण्याच्या हॉलमध्ये त्याची दमट हवा गाद्यांत मुरते आणि दोन आठवड्यांत कुबट वास येऊ लागतो. कूलर काउंटरच्या बाहेर बसायच्या जागेत ठेवा. एसीच्या आणि ताज्या हवेच्या गाळण्या दर पंधरा दिवसांनी धुवा. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या बाजूला जागा असेल तर दर आठवड्याला, कारण हवेतला कापसाचा तंतू जाळीवर नमद्यासारखा बसतो.

चौकट आणि बोर्ड

तयार प्लॅस्टिकच्या कॅप्सूल चकचकीत दिसतात, पण त्यातलं एखादं झाकण किंवा रोलर मोडला की सुटा भाग मिळेपर्यंत ती जागा रिकामी पडते. जळगाव-भुसावळात चांगले फॅब्रिकेटर आहेत. चौकट इथेच करून घ्या. ४० बाय ४० मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप उभ्या खांबांना आणि तळाला. मधे दर दीड फुटाला आडवा पाइप. तळाला १९ मिलिमीटरचं पाण्याला टिकणारं प्लायवूड. बाजूच्या पडद्यांना मधे ५० मिलिमीटर रॉकवूल आणि दोन्ही बाजूंनी फायबर सिमेंटचा बोर्ड. थर्माकोल आणि साधा फोम स्वस्त पडतो, पण पेटला तर विषारी धूर सोडतो. तो कुठेही नको.

प्रत्येक कॅप्सूलचा तळ गादी आणि माणूस मिळून किमान २०० किलोला टिकेल असा करा आणि पाहुणे येण्याआधी वाळूची पोती ठेवून एक रात्र पाहा. वेल्डिंग तळाच्या चौकटीला. दोन चौकटी जोडताना १० मिलिमीटरचे बोल्ट आणि मधे रबरी वॉशर. लोखंडाला लोखंड थेट टेकलं की वरचा कुशीवर वळला तरी खालच्याला करकर ऐकू येते, आणि या व्यवसायातल्या निम्म्या तक्रारी त्या करकरीच्या असतात. संपूर्ण रांग भिंतीला आणि जमिनीला अँकर बोल्टने बांधा.

शिडीच्या पायऱ्या दहा-दहा इंचांवर, प्रत्येकी किमान तीन इंच रुंद. गोल नळीच्या पायरीवर अनवाणी पाय दुखतो. वर तोंडाशी दोन्ही बाजूंना हाताला पकड आणि सहा इंचांचा कठडा. गुडघे दुखणाऱ्यांना, गरोदर बाईला, साठीच्या पुढच्यांना खालचीच ओळ द्यायची, हे काउंटरवरच्या पोराला पक्कं सांगून ठेवा.

वीज

चार एसी सात किलोवॅट, दोन गिझर सहा, बाकी सगळं मिळून एक-दीड. पंधरा किलोवॅटच्या भाराचं थ्री-फेज व्यापारी कनेक्शन महावितरणकडे मागा. एसी आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, सॉकेटना अडीच, दिव्यांना दीड. पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच.

प्रत्येक कॅप्सूलमध्ये यूएसबीचे दोन पॉइंट आणि लॅपटॉपपुरतं एक सॉकेट द्या, पण त्याला दोन अँपिअरची एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) लावा. नाहीतर कोणीतरी पाणी गरम करायची कांडी लावतंच.

पंखे आणि दिवे २४ व्होल्ट डीसीवर ठेवण्याचा मोठा फायदा वीज गेल्यावर कळतो. पंखा सहा वॉट, दिवा चार. चोवीसांना २४० वॉट. दीडशे अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की चोवीस व्होल्ट होतात, आणि त्या निम्म्याच वापरल्या तरी सात तास पंखे फिरत राहतात. इन्व्हर्टरचीही गरज पडत नाही. सहा-सहा कॅप्सूलांचे चार सर्किट वेगळे करा म्हणजे एक फ्यूज उडाला तर अख्खा हॉल अंधारात जाणार नाही. ताज्या हवेचा पंखा मात्र लहान इन्व्हर्टरवर ठेवा, कारण वीज गेल्यावर त्याचीच गरज सर्वांत जास्त. उन्हाळ्यात दोन एसी चालवायला साडेसात केव्हीएचा जनरेटर पुरतो. तो परवडत नसेल तर दोन तासांहून जास्त वीज गेल्यास किती पैसे परत देणार, हे दरफलकावरच लिहा. लोक समजून घेतात. सकाळी हुज्जत घालत नाहीत.

पाणी, संडास, बाथरूम

आठ जणांमागे एक संडास आणि एक बाथरूम, म्हणजे तीन-तीन, वर चार बेसिन. माणशी १०० लिटर धरले तर दिवसाला २४०० लिटर लागतात. टाकी किमान पाच हजारांची ठेवा आणि उन्हाळ्यात टँकर कोणाकडून येणार हे मार्चमध्येच ठरवा. बोअरचं पाणी जड असेल तर गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात. दर सहा महिन्यांनी ती साफ करून घ्या. आंघोळीचा खरा ताण पहाटे साडेतीन ते साडेपाच असतो, त्या वेळी दोन्ही गिझर तापलेले हवेत.

आग आणि कागदपत्रं

बाहेर पडायच्या दोन वाटा, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या, आतून किल्लीशिवाय उघडणाऱ्या. रात्री चोर येतील म्हणून मागच्या दाराला कुलूप घालायची सवय लागते. ते कधीही करू नका. कॅप्सूलला आतून कडी नको. आग न धरणाऱ्या कापडाचा जाड पडदा पुरे, मौल्यवान वस्तूंना बाहेर लॉकर आहे. प्रत्येक कॅप्सूलमध्ये एक आणि हॉलच्या छताला वेगळे स्मोक डिटेक्टर, कारण आत ओढलेल्या सिगारेटचा धूर मागच्या पोकळीत जातो, छतावरच्याला उशिरा कळतो. वीजपेटीजवळ कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक, दोन्ही दारांशी सहा किलोचं एबीसी पावडरचं. बाहेर जाण्याच्या पाट्या बॅटरीवर पेटणाऱ्या.

कागदांत आधी मंजूर नकाशात जागा व्यापारी वापराची आहे का ते पाहा. इथेच सर्वांत जास्त लोक अडकतात. मग नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा परवाना, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, शॉप अ‍ॅक्ट. चहा-नाश्ता देणार असाल तर अन्न परवाना. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राची नोंद रोज हवी; आधार घ्यायचं तर आकडे झाकलेलं घ्या. विदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणं बंधनकारक आहे. अजिंठ्यामुळे जळगावात ती वेळ येतेच, म्हणून नोंदणी उद्घाटनाआधीच करून ठेवा.

गादी आणि ढेकूण

गादी चार इंची, ४० घनतेच्या फोमची, पूर्ण चेन असलेल्या रेक्झिनच्या खोळीत. कापसाची गादी कितीही आवडत असली तरी इथे नको. वर चादर, उशीला अभ्रा, पांघरायला सुती चादर. प्रत्येकाचे तीन संच: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. चोवीसांना ७२. पावसाळ्यात वाळत नाही, तेव्हा चौथा लागतो.

ढेकूण स्वच्छतेने थांबत नाहीत, ते सामानातून येतात. आजवर अस्वच्छ नसलेली जागासुद्धा एका बॅगेने भरते. म्हणून बॅग गादीवर न्यायचीच नाही, तोंडाशीच लॉकर. प्लायवूडच्या कडा, स्क्रूची भोकं, बोर्डाच्या सांध्यातली फट सिलिकॉनने भरून घ्या. पत्त्याच्या पानाएवढी फट त्यांना पुरते. दर सोमवारी टॉर्च घेऊन खोळीची चेन आणि उशाकडचे कोपरे तपासा: काळे ठिपके शाईच्या टिंबांसारखे दिसतात, ओल्या बोळ्याने पुसले की तांबूस पसरतात.

सापडले तर ती कॅप्सूल आणि तिच्या डावी-उजवीकडच्या, वरच्या किंवा खालच्या अशा सगळ्या बंद करा. कापड ६० अंशांच्या पाण्यात धुवा, सांध्यांना वाफ मारा, औषध फवारा. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून बारा-चौदा दिवसांनी फवारणी पुन्हा करायचीच. गादी गच्चीत उन्हात टाकून ढेकूण मरतात हा समज अर्धवट आहे. ते सावलीच्या बाजूला सरकतात आणि संध्याकाळी गादीबरोबर परत खाली येतात.

कॅप्सूलमध्ये खाणं बंद. शेवभाजीचा डबा उघडला की चोवीस जणांना कळतं आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या येतात. बाहेर चार स्टूल आणि एक टेबल ठेवा.

दर आणि हिशेब

बारा तासांना एकच दर ठेवला तर तीन तासांचा प्रवासी परत जातो. तीन, सहा आणि बारा तास असे टप्पे करा. उदाहरणासाठी बारा तासांचा दर ४०० धरू. निम्म्या कॅप्सूल भरल्या तर रोजचे ४,८००, महिन्याला १ लाख ४४ हजार. खर्चात भाडं ३५ हजार, तीन पाळ्यांची तीन माणसं ३६ हजार, धुलाई ९ हजार, किरकोळ १० हजार. वीज रोज ७५ युनिट आणि सगळं धरून युनिटला १५ रुपये मानले तर पावणेचौतीस हजार. बेरीज १ लाख २४ हजारांच्या आसपास. म्हणजे दर रात्री दहा-अकरा कॅप्सूल भरल्याशिवाय खर्च निघत नाही, आणि यात उभारणीच्या कर्जाचा हप्ता नाही. स्वतःच्या गावचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडा. मोजणीच्या वहीतून रोज दहा माणसं दिसत नसतील तर बाराच कॅप्सूलांनी सुरुवात करा. मात्र हवेची आणि विजेची यंत्रणा चोवीसांची टाका, ती नंतर वाढवता येत नाही.

वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते; या दराने साधारण ५८ टक्के भरलं की ती वेळ येते. २२ सप्टेंबर २०२५पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना ५ टक्के कर आहे, पण त्यावर खरेदीच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. एसी, पाइप, गाद्यांवर भरलेला जीएसटी परत येणार नाही, म्हणून तो उभारणीच्या खर्चातच धरा.

एक सोय फुकट आहे आणि तिच्यामुळे माणूस पुन्हा येतो: उठवणं. नोंदवहीत गाडीची वेळ लिहून घ्या, गाडी उशिरा आहे का ते रात्रपाळीच्या माणसाने पाहायचं आणि वेळेआधी चाळीस मिनिटं कॅप्सूलच्या चौकटीवर हलके दोन टकटक. मोबाईलचे गजर मग आपोआप बंद होतात आणि बाकीचे झोपलेले राहतात.

चाचणी मेमध्येच

हिवाळ्यात उद्घाटन केलेलं कॅप्सूल हॉटेल सगळ्यांना आवडतं, कारण डिसेंबरात काहीही थंडच असतं. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये सलग सात रात्री ओळखीच्या चोवीस माणसांना फुकट झोपवा. प्रत्येक ओळीच्या दोन कॅप्सूलांत थर्मामीटर ठेवा आणि रात्री ११, २ आणि ५ला वाचा. पश्चिमेच्या भिंतीजवळची वरची ओळ इतरांपेक्षा दोन अंशांहून जास्त तापत असेल तर तिथला एसीचा झोत वळवा किंवा त्या भिंतीला आतून रॉकवूलचा थर द्या. चौथ्या रात्री मुद्दाम दोन वाजता मुख्य स्विच खाली करा आणि पहाटेपर्यंत काय होतं ते वहीत लिहा. कोण उठलं, कोणत्या नंबरच्या कॅप्सूलमधून, किती मिनिटांनी. पहिली दुरुस्ती त्याच नंबरांची.